रामटेकेबाईंची चहाघरं

रामटेकेबाई हॉटेलात कधी चहा प्यायल्या नाहीत. एस.टी. चंद्रपूरला तासभर थांबली तरी त्या हॉटेलच्या दाराशी उभ्या राहून आत डोळे भरून पाहायच्या, टेबलं कशी मांडलीत, बरण्या कुठे ठेवल्यात, आणि परत येऊन सीटवर बसायच्या. आणि याच बाईंकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या चहाघरांची चित्रकार्डं होती! दार्जिलिंगचं वेताच्या खुर्च्यांचं, मुंबईचं संगमरवरी टेबलांचं, कुठल्याशा स्टेशनातलं फेटेवाला वेटर उभा असलेलं. रद्दीवाल्याकडे तासन्‌तास उकिडवं बसून त्या ती शोधायच्या.

आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या आश्रमशाळेत आम्ही दोघी शिक्षिका एकाच क्वार्टरमध्ये राहायचो. त्या वयानं माझ्याहून कितीतरी मोठ्या; मी नुकती नोकरीला लागलेली आणि भित्री. हा नाद कशाला, असं मी एकदा विचारलं.

"माह्या बापाले गावच्या हॉटेलात आत बसू देत नव्हते वं नलू. त्याची कपबशी बाहेर, कुडात खोचलेली. सोताच धुवा, सोताच प्या. आता सगळे हॉटेलं माह्याच घरी येऊन राह्यले. बसा म्हटलं, कुठी जाता!" आणि खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही.

दिवाळीत नागपूरला मामांकडे एका जुन्या पुस्तकात मला तसंच कार्ड सापडलं. डोंगरातलं चहाघर, आणि मागे कोण्या मडमेनं इंग्रजीत खरडलेलं: शनिवारी चार वाजता पार्टी आहे, सगळ्यांना घेऊन या. ते दिल्यावर बाई इतक्या हरखल्या की डब्यात न ठेवता पर्समध्येच घेऊन फिरू लागल्या.

आता, ऐंशी-पंच्याऐंशीच्या त्या दिवसांत आमच्याकडे 'पार्टी' हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. पार्टी म्हणजे जंगलातले बंदूकवाले. ते येऊन गेले की मागोमाग पोलीस यायचे, बंदूकवाल्यांना भात कोणी वाढला ते विचारायला. भीती दोघांचीही. शाळेत कोणाचा निरोपसमारंभ असला तरी आम्ही 'चहापाणी' म्हणायचो. एवढं सांभाळणारी मी, आणि ते कार्ड मीच आणून दिलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

एका शनिवारी, हो, नेमका शनिवारच, नाक्यावर आमची बस थांबवून झडती झाली. शिपायानं बाईंची पर्स उलटी केली, कार्ड उचललं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "पा...र्टी."

"कोणी दिलं हे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रद्दीत भेटलं," म्हणाल्या. त्यांना उतरवून घेतलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

क्वार्टरवर येऊन मी आतून कडी घातली. पानही हललं तरी जीप आली असं वाटायचं. डब्यातल्या एकेका कार्डामागे काहीबाही लिहिलेलं होतं, इंग्रजी, बंगाली. हे सापडलं तर दोघीही गेलो! मी चूल पेटवली आणि सगळी कार्डं आत घातली. वेताच्या खुर्च्या वाकड्या होत होत काळ्या झाल्या. खरं सांगते, तेव्हा मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरोखरच जीप आली. बाई उतरल्या, चेहरा उतरलेला, पण मला पाहून हसल्या. मागून ठाण्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता.

"नलू, डबा आण वं. साहेबाले दाखव मी काय जमा करून राह्यली ते."

"अशी आणखी कार्डं असली तर प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "आत्ता सोडतो बाईंना."

मी दारातच उभी राहिले. बाई स्वतःच आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला, मग चुलीतली राख उकरल्याचा. बाहेर आल्या तेव्हा बोटांना राख लागलेली होती.

"उदई लागली होती साहेब, सगळे कागद खाऊन राह्यली होती," त्या म्हणाल्या. "ध्यानातच नाई राह्यलं. मीच जाळले."

साहेबांनी मान हलवली आणि त्यांना परत जीपमध्ये बसवलं.

दहा-बारा दिवसांनी सुटल्या, पण शाळेत आल्या नाहीत. बदली तिकडूनच सिरोंच्याला झाली. मी पत्र टाकलं नाही, त्यांचंही आलं नाही.

'मी जाळली.' एवढे दोनच शब्द होते. जीप फाटकापाशी वळेपर्यंत ते बोलायला वेळही होता. आज पहिल्यांदा लिहिते आहे.