क्लॅपवर दुसऱ्याचं नाव

सहा वर्षं मी बाईंची सहायक दिग्दर्शक होते. बाई निर्मात्या. त्या काळी आमच्या धंद्यात त्या जागेवर बाईमाणूस क्वचितच दिसे. कुंभवलीच्या कारखान्यातल्या कामगाराची मी मुलगी. मला उभं त्यांनीच केलं. "पुढचा सिनेमा तुझा," असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. "बायकांनीच बायकांना पुढे आणायचं असतं."

सिनेमा सातपाटीच्या मासेविक्रेत्या बायकांवरचा. चार महिने मी रोज तिकडे जात होते. सुरुवातीला बायका तोंड फिरवायच्या. मी त्यांच्याबरोबर बोंबील वाळत घातले, पालघरच्या बाजारात त्यांच्या पाट्यांशेजारी बसले. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर, जिला सगळ्या आय म्हणायच्या, ती म्हणाली, "तू हायस तर आमी येऊ. दुसऱ्या कुनासाठी नाय."

मुहूर्ताच्या सकाळी किनाऱ्यावर नारळ फुटला. कॅमेऱ्यासमोर क्लॅपची पाटी धरली गेली आणि मी वाचलं. दिग्दर्शक म्हणून बाईंच्या भाच्याचं नाव होतं.

मी त्यांना बाजूला घेतलं.

"अगं, वितरक तयार होईनात," त्या म्हणाल्या. "बाईच्या हाती सिनेमा म्हटलं की घाबरतात. काम तर तूच करणार आहेस ना?"

"मग तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

त्यांनी पदर सारखा केला आणि फोटो काढून घ्यायला निघून गेल्या.

आयला मी खरं ते सांगितलं. ती ताडकन उठली. "चला गो घरी," तिने बायकांना हाक दिली. मीच तिचा हात धरला. त्या सिनेमातला शब्दन्‌शब्द माझा होता, तो मला पडद्यावर बघायचा होता. "आय, थांब. माझ्यासाठी थांब."

ती थांबली. पण नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

भाच्याला भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा कळत नव्हत्या. सगळे प्रसंग मीच घेतले. पडद्यावर माझं नाव सहायकांच्या यादीत आलं, तेही चुकीचं लिहिलेलं.

पुढे स्त्रियांना संधी दिल्याबद्दल बाईंचा सत्कार झाला. "ही माझी मुलगीच," म्हणत त्यांनी मला व्यासपीठावर बोलावलं. लोक वळून बघत होते. मी उठले आणि दाराकडे चालू लागले.

त्यानंतर तीन वर्षं मला कुणी काम दिलं नाही. चौथ्या वर्षी एडवणला मी माझा पहिला छोटा माहितीपट केला. सातपाटीला मात्र पुन्हा गेले नाही. बाईंनी मला फसवलं, हे मी कुणालाही सांगू शकते. आयला मी थांबवलं, ते कोणत्या तोंडाने सांगू?