बाळापूरला सांगितलेली खुशाली

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, सख्ख्या भावाले नाही. तुमाले सांगतो — पन मधातच उठू नका.

आखातात मी आन् बाळापूरचा प्रल्हाद एका खोलीत राहत होतो. मी वायरमन, तो क्रेनवर. एका सकाळी तिथले पोलीस आले, त्याले घेऊन गेले. सोबत आपल्याकडचा एक सरकारी साहेब, भारतातून आलेला. काहून नेता, मी विचारलं. पोलीस म्हणाला, तुमच्याच सरकारनं धरायले सांगितलं. प्रल्हादनं फोनवर सरकारविरुद्ध काहीबाही लिहिलं होतं, एवढंच मले माहीत.

थोड्याच दिवसांत मी सुट्टीवर अकोल्याले आलो. आमच्याकडची रीत — परदेशातून आलेल्यानं सोबत्याच्या घरी जाऊन खुशाली सांगायची. त्या खुशालीवर घरचे डोळे झाकून विश्वास ठेवतात. गेलो. मंदावयनीनं, प्रल्हादच्या बायकोनं, चहा ठेवला.

"भाऊजी, कसे हायेत ते? फोन काहून नाही लागत?"

काय सांगू? खरं सांगितलं तर माझंही नाव लागंन, परत जाता येनार नाही — भेलो मी. मजेत हाय, म्हटलं. क्रेन चालवून राहिला. मोबाईल तेवढा पाण्यात पडला.

पुढं तिले दुसऱ्याकडून कळलं, की तो आपल्याच सरकारच्या सांगण्यावरून तिथं कोठडीत हाय. तरी माझ्यावर संशय? छे. मी तिकडून निघाल्यावर त्याले नेलं असंन, असंच ती धरून चालली. सरकारनं नवऱ्याले सोडवून आणावं, असा अर्ज घेऊन थेट हायकोर्टात गेली. नागपूरले सोबत म्हणून मलेच नेलं.

काय सांगू तुमाले त्या कोर्टाचं! सरकारी वकील म्हणाला, तो परक्या देशाच्या ताब्यात हाय, आमचा संबंध नाही. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, कुलूप त्यांचं असेल, पण लावायला सांगितलं कोणी? अख्खं सरकार — आन् बाळापूरच्या एका बाईपुढं त्याले जाब द्यावा लागून राहिला! माझ्या अंगावर काटा आला. इतकी मोठी गोष्ट मी जन्मात पाहिली नव्हती.

मग वकिलानं तिचाच अर्ज वाचला. आमचे अधिकारी तिथून परतल्यावरही हा कामावर होता, सोबत्यानं तशी खुशाली आणली, असं बाईनंच लिहून दिलं; मग आमी त्याले धरायले लावलं कसं?

न्यायाधीशांनी तिले विचारलं, ती खुशाली खरी होती कशावरून? नक्की सांगता येत नाही, एवढं जरी म्हटलं असतं तिनं! पन खोटं तिच्या जिभेवर येतच नाही.

"सांगनारा मानूस खोटं बोलनारा नाही, साहेब."

मी मागच्या बाकावर होतो. उठायचं होतं फक्त. उठलो का? नाही. अर्ज फेटाळला. प्रल्हाद अजून तिथंच हाय.

बाहेर झाडाखाली तिनं डबा सोडला. अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली, म्हणाली, तुमी तरी आले, भाऊजी. मी ती खाल्ली.