पाळण्यावरची शिडी

चहाचा कप आधी खाली ठेवा. पुढे ठसका लागला तर मला बोल लावाल. कारण मी काय केलं माहीत आहे? चार आठवडे खपून, मणी ओवून, स्वतःच्याच हातांनी स्वतःविरुद्धचा पुरावा तयार केला आणि तो महिला मंडळाच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर टांगला! आहे का असलं शहाणपण दुसऱ्या कुणात?

सुरुवात झाली आमच्या बाळूपासून. आठ महिन्यांचं पोर. खुळखुळा दाखवला की डावा हात पुढे. भाताचं शीत दिसलं, डावा हात. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, चाकणच्या पलीकडल्या गावाहून नातवाला बघायला आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाल्या, "पोरगं डावखुरं दिसतंय."

"लहान आहे हो, आत्याबाई. त्याला काय कळतंय!"

"आमच्याकडं सात पिढ्यांत कुनी न्हाई बाई डावखुरं. तुझ्या म्हायेरी हाय का कुनी?"

"कुण्णी नाही!" मी म्हणाले. इतक्या जोरात, की बाळू दचकून रडायला लागला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आहे की. मीच! लहानपणी वडिलांनी माझा डावा हात फडक्याने पाठीशी बांधला आणि जेवण, वाढणं, लिहिणं सगळं उजव्या हाताला शिकवलं. सातवीपर्यंत माझं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं! लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं, "सासरी चार माणसांत तो हात पदराखाली." तो तीन वर्षं पदराखाली होता. दार लावून शिवायला, वाती वळायला बसले, की तेवढा बाहेर यायचा बिचारा. आमच्या ह्यांना ठाऊक होतं. त्यांना मी गळ्याची शपथ घातली होती.

पण संताप कशाचा आला सांगू? पोराचं नाक सरळ, ते त्यांच्या घराण्याचं. रंग उजळ, तो त्यांच्या आजेसासऱ्यांचा. आणि हात तेवढा डावा, तर तो माझ्या माहेरचा! ही काय वाटणी झाली?

जाताना आत्याबाई म्हणाल्या, "कांदं काढून झालं की येते. तवा बघू हात बांधायचं."

झालं! ते फडकं, ती गाठ, तो मनगटावरचा वळ, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि आता माझ्या बाळाला? मी बाळूला अशी कवटाळून बसले, की त्याला दूध पाजायचंही विसरले.

आमचे हे पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतलं काचसामान धुण्याच्या कामावर. तिथल्या आठल्ये साहेबांनी त्यांना फळीवर अंथरायला एक जुनं इंग्रजी मासिक दिलं होतं. मी पान फाडायला गेले तर त्यात एक चित्र! पीळ घातलेली शिडी.

"अहो, हा कसला जिना?"

"जिना कसला! साहेब म्हणत होते, आपल्या सगळ्यांच्या अंगात असली शिडी असते. डोळ्यांना न दिसणारी. परदेशात पाच-सहा वर्षांपूर्वी शोध लागला. नाक, डोळे, सगळं तिच्यातूनच पोराला मिळतं. निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून."

"निम्मं-निम्मं?" मी ताडकन उठले. "असं इंग्रजीत छापलंय?"

"मला कुठं इंग्रजी येतं?"

मला तेवढं पुरे होतं. प्रदर्शन महिन्यावर आलेलं. पाळण्यावर टांगतात ते कापडी चिमण्यांचं चिमणाळं मी करणारच होते. म्हटलं, चिमण्या गेल्या उडत! पाळण्यावर ही शिडीच टांगायची. तांबडी दोरी आईची, पिवळी बापाची. आत्याबाईंच्या समोर, शंभर बायकांच्या देखत सांगायचं, की बघा, निम्मा दोष तुमचा!

लोकर आणली. दोन्ही दोऱ्या मी हाताने वळल्या. खराट्याच्या काड्यांवर काचेचे मणी ओवून पायऱ्या केल्या. इंजेक्शनच्या बाटल्यांची टाकाऊ चंदेरी टोपणं खाली लोंबवली. मग सगळ्या शिडीलाच पीळ दिला. दुपारी बाळू झोपला की दार लावायचं, चित्र भिंतीला टाचायचं आणि काम सुरू. काय देखणी झाली म्हणून सांगू! वाऱ्यावर फिरायला लागली, की बाळू रडायचा थांबायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्याबाई कांदे उरकून, नवं लुगडं नेसून हजर. बक्षीस द्यायला आठल्ये साहेब. माझ्या शिडीपुढे आले आणि थांबलेच.

"वा! ही कुणी केली?"

"मी!" मी पुढे झाले आणि घडाघडा सुरू केलं. "ही आईची दोरी, ही बापाची. शास्त्रात सिद्ध झालंय, की पोराचं बरं-वाईट निम्मं सासरचं असतं, हो ना साहेब?"

"म्हणजे तसं अगदी दोरीगणिक नसतं बाई..." साहेबांनी चष्मा सारखा केला. "पण एक गंमत झालीय. तुमची शिडी उलटी वळलीय."

"उलटी?" माझा पारा चढला. चार आठवडे! बोटांना भोकं पडलेली! "तुम्ही चुकीच्या बाजूने बघताय. मागून बघा."

साहेब मागे गेले. "मागूनही उलटीच."

"खालून बघा मग!"

साहेब कशाला वाकतात? मी ह्यांना खुणावलं. हे बिचारे ठेवणीतला सदरा घालून जमिनीवर उताणे झाले. खालून म्हणतात कसे, "अगं, चित्रात दुसरीकडं वळतीय."

"उलटी टांगा!" मी ओरडले. स्टुलावर चढून एकाने ती उलटीही टांगली. तरी पीळ तसाच! वस्तू आहे की सासू? कुठूनही बघा, चूक माझीच!

"बाई, हिला कशीही फिरवली तरी पीळ बदलत नाही," साहेब हसत म्हणाले. "पण चित्र समोर ठेवून उलटी झाली कशी, ते मात्र कळत नाही."

"मला कळतंय," मागून आवाज आला. आत्याबाई! "खाली काढा बरं ते."

त्यांनी तांबडी दोरी चिमटीत धरली, थोडी उकलली, पुन्हा वळली. जन्मभर अंबाडीचे दोर वळलेली ती बोटं.

"ह्यो पीळ डाव्या हाताचा हाय."

मी म्हणाले, "दोरी विकतची आहे, आत्याबाई."

हे अजून जमिनीवरच होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"विकतची?" आत्याबाई म्हणाल्या. "दर सणाला डबाभर वाती धाडतीस, त्याबी विकतच्याच का? तीन वर्सं माझ्या देवापुढं उलट्या पिळाच्या वाती जळत्यात. मला दिसत न्हाई व्हय?"

"अहो, मग विचारलंत कशाला, तुझ्या माहेरी कोण डावखुरं म्हणून?"

"खरं बोलतीस का ते बघत व्हते. तू तर माझ्यावरच शिडी लावलीस!"

बायका अशा हसल्या, की विचारू नका. मी मात्र रडकुंडीला आले. लाज गेली ती गेलीच, पण खरा प्रश्न विचारायचा राहिलाच होता. "आत्याबाई, बाळूचा हात... बांधणार?"

त्यांनी बाळूला माझ्याकडून घेतलं. त्याने लगेच डाव्या हाताने त्यांची नथ धरली. ती सोडवत त्या म्हणाल्या, "तुझाबी बांधलाच असंल की, त्येनं काय झालं? वाती उलट्याच. ऱ्हाऊ दे."

बक्षीस भरतकामवालीला गेलं. जाऊ दे! मी हलक्या पायांनी घरी आले. म्हटलं, सुटलो, मी आणि बाळू दोघंही.

दिवेलागणीला आत्याबाईंनी कापूस पुढ्यात टाकला. "आता कशाला लपायचं? वळ माझ्यापुढं, डाव्या हातानं."

मी डावा हात ऐटीत पदराबाहेर काढला. समोर आत्याबाई, बाजूला हे, ह्यांच्या मांडीवर बाळू, तिघंही टक लावून बघतायत! तीन वर्षांत तो हात कुणासमोर बाहेर आला नव्हता. असा लाजला, की पहिली वात भुसभुशीत, दुसरी उकलली, तिसरी सरळ कापसाचा बोळा!

आत्याबाईंनी तो बोळा उचलला, दिव्याशी धरून खालून-वरून बघितला आणि सुस्कारा टाकला.

"जा बाई, दार लावून बस. तुला चोरूनच चांगल्या जमत्यात."