प्रेमानंदची भिंत

प्रेमानंद बैलांची शिंगं रंगवायचा. पोळा आला की त्याच्या दारात बैलांची रांग लागे, एरवी तो मजुरीला जाई. मी पेंटर. नांदुऱ्याच्या कितीतरी दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या. पण लिहायचं आहे ते त्याच्याविषयी. जमेल तसं लिहितो.

आमचं गाव धरणात गेलं. माळावर नवे प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, त्यामुळे जुना शेजार फुटला. पत्र्याच्या शाळेत लेकरं नुसती गप्प बसत. शाळेची लांब भिंत रंगवायचं ठरलं, तेव्हा मी ब्रश धुऊन वाट पाहत बसलो. शाळेच्या संजीवनी मॅडमनी विचारलं प्रेमानंदला.

त्यानं लेकरांना समोर बसवलं. "सांगा बे, तुमच्या शेजारी कोन राहे? दारात काय होतं?" जे लेकरू बोले त्याचं घर तो काढी. बायांनी गेरू कालवून दिला, पोरांनी कौलं भरली. रेघा वाकड्या, रंग सगळे पोळ्याचे. तरी आठ दिवसांत जुनी गल्ली भिंतीवर उभी राहिली आणि लेकरं तिथं भांडू लागली, "सरक, हे आमचं दार हाये." माझ्या नातीनं आमचंही घर काढून घेतलं होतं, वर माझ्या पाटीसकट.

मी रोज जाऊन चुका शोधायचो. एक सापडली. आमच्या शेजारचं धम्मदीपचं घर नव्हतंच. त्याची लेक समता तेव्हा आजीकडे मलकापूरला होती. मला बरं वाटलं. मी कोणाला सांगितलं नाही.

समता परतली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालली. कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. तेव्हा मी प्रेमानंदकडे गेलो.

"धम्मदीपचं घर राह्यलं."

त्यानं कपाळावर हात मारला. "तुले कवा समजलं?"

"झाले चार-पाच दिवस."

"अन् आता सांगून राह्यला? काऊन बे?"

 उत्तराची वाट न पाहता तो चुन्याचा डबा उचलून भिंतीपाशी आला.

"जागा नाही पेंटरसाहेब. तुमचं अर्धं घर पुसा लागते."

"पूस."

"मी नाही. तू पूस."

मी पुसलं. पाटी गेली, अर्धा ओटा गेला. त्यानं निरोप धाडला तशी समता आली. तिनं निळं दार सांगितलं, खुडूक कोंबडी सांगितली. प्रेमानंद काढत होता, ती त्याच्या खांद्याला टेकून उभी होती.

कोंबडीचं शेपूट माझ्या उरलेल्या अर्ध्या घरावर आलं. समता मला म्हणाली, "आबा, राहू द्या ना."

राहू दिलं. शेपूट झकास जमलं होतं. माझ्या हातून तसं जमलं नसतं, आणि ते मला अजून सहन होत नाही.