एका मापाच्या खुर्च्या

खुटखुट, हे तुला तोंडावर सांगितलं तर पाना घेऊन उठशील, म्हणून लिहिते.

हे नाव भावजींनी ठेवलं. माझी धाकटी जाऊ होऊन आलीस आणि आठवड्याच्या आत सासूबाईंच्या चाकाच्या खुर्चीचं चाक काढून बसलीस. पुढे तोच तुझा उद्योग झाला. टाकून दिलेल्या खुर्च्या आणायच्या, माणसाला बाकावर बसवून पाठ, मांडी, पाय मोजायचे आणि त्याच्या मापाची खुर्ची करायची. थोडे का होईना, पैसे घ्यायचेच. "फुकटची खुर्ची टोचली तरी कोणी बोलत नाही, ताई." चार बायकांची घरं त्यावर चालतात.

कामाची शेड मात्र एका कंपनीची, त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतली. शेडचा करार संपत आला आणि कंपनीचे साहेब हजर. वर्धापनदिनाला पन्नास खुर्च्या हव्यात. फुकट वाटायच्या, सगळ्या निळ्या, एकाच मापाच्या.

"माणसंही एकाच मापाची आणणार का?" मी विचारलं.

"आजी, फोटोत सारखं दिसायला हवं. कराराचं त्यानंतर बघू."

तू माझ्या पायावर पाय दिलास आणि हो म्हणालीस. त्यानंतर पानातला घास तुझ्या हातातच राहायचा.

समारंभात एक लहान मुलगी खुर्चीतून सारखी खाली घसरत होती. आई तिला काखेत धरून हसत उभी. पाहुण्यांसमोर बोलणार काय? फोटो चालू असतानाच तू मंचावर चढलीस, गुडघे टेकलेस आणि पायाची फळी वर घेऊन घट्ट केलीस. वर माइकजवळ तोंड नेऊन म्हणालीस, "बाकीच्यांनीही शेडवर या. मापं घ्यायची राहिलीत."

साहेब काळेनिळे पडले.

रिक्षात विचारलंस, "ताई, घाण केली का हो मी?"

"केलीस. नीट बस, पडशील."

आता लोक रोज येतात, तू खुर्च्या खोलून त्यांच्या मापानं पुन्हा जोडतेस. कंपनीकडून हूं नाही की चूं नाही. बाहेर गाडी थांबली की तुझ्या हातातला पाना थांबतो. चौघीजणी तुझ्या तोंडाकडे बघतात, तू माझ्या.

सोमवारी दोघींनी कंपनीत जाऊन सरळ विचारायचं ठरलं. त्या सोमवारी तुझ्याकडे मापं होती. पुढच्या सोमवारी माझा गुडघा धरला. मग साहेब रजेवर असतील, असं आपणच ठरवून टाकलं. करार संपला, शेड तू रोज उघडतेस, आणि आपण अजून गेलेलो नाही.