घाटात काढलेला प्लग

मंडळी, साताऱ्यात जुनी फोक्सवॅगन बीटल बाळगणारा मी एकटाच, म्हणून सायबर कॅफेत येऊन या फोरमवर तुम्हा बीटलवाल्यांनाच सांगतोय.

ताकदीसाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढवल्यापासून ते चढाला लय तापायचं, आतून ठकठक ठोकायचं. स्पार्क प्लगचं टोक जास्तीच्या उष्णतेनं पांढरंफटक. आज उष्णता लवकर सोडणारे 'थंड' प्लग लावले आणि यवतेश्वरचा घाट चढलो. ठोका नाही!

टोकाचा खरा रंग कळावा म्हणून चढातच इंजिन बंद करून प्लग काढला. टोक बिस्किटासारखं तपकिरी, अगदी हवं तसं.

सवयीनं गरम प्लग फडक्यात धरून मागं हात केला. तिथं माझी गाडी बघणारे इस्लामपूरचे मिस्त्री अण्णा उभे असायचे. प्लग उन्हात फिरवून म्हणायचे, "आता जमलं बघ गड्या." गेल्या महिन्यात ते वारले.

हात बराच वेळ तसाच राहिला.

खरं सांगा, तुमचा प्लग बघायला कुणी आहे का?