खोटा पेशंट

मामू चिडले की वर्गातल्या मुली भिंतीला चिकटत. डोळे लाल, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, हातात सलाइनचा स्टँड. "माझ्या पोराला काय झालं तर एकेकीला बघून घीन!" अशी आरोळी. खरं तर मामूंना मूलबाळ नव्हतं. ते आमच्या लातूरच्या नर्सिंग कॉलेजचे गणवेश शिवणारे टेलर.

कॉलेजात माझ्याकडे सामानाची जबाबदारी. चिडलेल्या माणसाला कसं सांभाळायचं हे शिकवायला आम्ही खाटा-पडदे लावून खोटा वॉर्ड उभा करायचो. मामू त्यात कधी रुग्ण होत, कधी रुग्णाचा बाप. त्या भानगडीत थर्मास फुटला, ट्रे चेपले. मुलीला मात्र कधी नखही लागलं नाही. मामूंचा हात वीतभर अलीकडे थांबायचा. "कापड कापणारा हात हाय साहेब," ते म्हणत, "कुठं थांबायचं, त्याला कळतंय."

हदगावची शीतल पहिल्या दिवशी रडलीच. मामू ओरडतच राहिले. शेवटी तिनं चाचरत विचारलं, "पाणी देऊ का?" मामू लगेच खाटेवर बसले. "दे बेटा! कवाचा बोंबलून राहिलो, कुणी विचारंना!" सगळा वर्ग हसला.

शीतल पुढं एका दवाखान्यात लागली. गेल्या वर्षी मामू तिथंच तापानं भरती झाले. तापात भान गेलं आणि ते सलाइनची सुई उपसून ओरडायला लागले. वॉर्डातल्या नर्स आमच्याच कॉलेजात शिकलेल्या. "मामू, आज क्लास न्हाई!" एक जण हसली. शीतलही हसत अगदी जवळ गेली. हात थांबेल, याची तिला खात्री होती.

थांबला नाही. तिची भुवई फुटली, टाके पडले.

मामू बरे झाले, पण वर्गाला येईनात. मी शीतलला घेऊन दुकानात गेलो.

"तुम्ही तापात होता, मामू," ती म्हणाली. "माझा राग न्हाई. चला ना, नव्या पोरी वाट बघून राहिल्यात."

मामू तिच्या भुवईकडं बघत होते. "तू हसत आलीस न बेटा माझ्याजवळ? तिथंच चुकलं. एवढी वर्षं मी तुमची भीती घालवून राहिलो. थोडी ठेवायला पाहिजे होती."

मग त्यांनी कात्री उचलली आणि समोरचं कापड कापायला घेतलं.

पुढं दुकान बंद करून ते देवणीला भाच्याकडं गेले. मुली आता डोळ्यांवर यंत्राचा चष्मा लावून शिकतात. त्यात दिसणारा खोटा माणूसही आरडतो, अंगावर येतो. पण तो कुणाचा मामू नाही.